रविवारची पणजी

६ जानेवारी १९८५, रविवार

आजही नाही म्हणाली!

इस्त्रीचा सदरा घालून मी बलकावात, दारापुढच्या बाकावर बसलेलो. जीप सकाळीच धुऊन ठेवली होती. बाराला डिचोली सोडायची, पणजीत दुपारचा खेळ, मग खाणे, मग नदीच्या कठड्यावर अर्धा तास – ठरलेले. आत जाऊन म्हटले, "चल गो प्रभा, साडी बदल." तर म्हणते, "तुमी जावा. माका मिरच्यो उन्हात घालूच्यो आसत." गेल्या रविवारी नाचणे निवडायचे होते. त्याआधी डोके दुखत होते. त्याआधी काय ते आठवत नाही, पण काहीतरी होतेच.

एकटा जाऊन काय करू? सदरा उतरवला.

८ जानेवारी

पुढच्या महिन्यात वर्ष होईल. गेल्या फेब्रुवारीत खनिजाच्या धक्क्याच्या उतारावर ड्रायव्हर बाबलीच्या हातातला माझा ट्रक उलटला, आणि त्याच संध्याकाळी माझ्या छातीत कळ आली. आठ दिवस इस्पितळात पडून होतो. तेव्हापासून आम्ही दोघे पणजीला गेलेलो नाही. आधी म्हणाली, तुम्ही आत्ता कुठे उठताय. बरोबर. मग पाऊस लागला. मग गणपतीची चवथ आली. आता पाऊस नाही, चवथ नाही, छाती ठणठणीत!

गोवा मोकळा झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी बांद्याहून पाळीच्या खाणीवर ट्रकचा क्लीनर म्हणून आलो. लगेच लग्न. खिशात एका रविवारपुरते असायचे. तेव्हा पूल नव्हता, बेतीला बोट धरायची. ही इब्रामपूरची – नदी ओलांडून सिनेमाला जायचे म्हणजे हिला विलायत! पहिल्याच दिवशी हॉटेलातल्या खुर्चीवर मांडी घालून बसली. वेटर हसला, तर त्यालाच म्हणाली, "तू उभो आसस, म्हणान तुका हसूक येता." पुढे स्वतःचा ट्रक आला, एकाचे पाच झाले. मूलबाळ झाले नाही. रविवार मात्र बावीस वर्षे चुकला नाही.

कान माझे, जीभ तिची. थिएटराचा आवाज कसा, कुठल्या रांगेत संवाद फुटतात, ते मी सांगायचे. पडद्यावर काय, ताटात काय, ते तिने. हॉटेलात शिरलो की मी आधी आतले ऐकतो. बाहेरून वेटर ओरडतो, "दोन पातळभाजी!" आणि आतून हळूच येते, "कालची घालू?" – मी हिला डोळा घालतो, दोघे उठतो. लोकांना वाटते, ह्यांना दैवी नजर आहे!

म्हणून तर अर्धी डिचोली आम्हाला विचारून पणजीला जाते.

१० जानेवारी

शेजारचा यशवंत आला, बँकेत असतो तो. नवी बायको भाग्यलक्ष्मी मागे, पदर सावरत. "काकी, रविवारी पणजेक जातंव. खय जावचा, काय बघूचा, तुमीच सांगा."

आणि प्रभाचे सुरू! मी आत वर्तमानपत्र धरून बसलो होतो, एक ओळ वाचली नाही.

"दुपारचो खेळ बघा. संध्याकाळचो बघल्यात तर शेवटची बस गाठूक तुमका मधीच उठाचा पडतला, आणि हिरो मेलो काय जगलो ता कळाचा नाय. बालकनीत बसा, पण पंख्याखाली नको – आमचे हे सांगतत, थंय नुसतो पंखो आयकाक येता. मगे मार्केटाच्या मागल्या होटेलात. पातळभाजी आणि उंडो. मऊ पाव दिल्यानी तर घेव नकात, उंडोच मागा, कडक. आणि गो भाग्यलक्ष्मी, चमच्यान खाव नको. मोडून, बुडवन खा. थंय कोण बघनत नाय."

"काकी, तुमी पण येवा मगो आमच्यावांगडा!"

उठून चुलीकडे वळली. मग म्हणाली, "नव्या जोडप्यात म्हातारी कित्याक? च्याय घेतलास?"

ते मार्केटामागचे हॉटेल पावसाळ्यात बंद झाले. मला ठाऊक आहे, स्पेअर पार्ट आणायला गेलो तेव्हा पाहिले. सांगायला हवे होते. पण सांगताना तिचा चेहरा इतका उजळला होता – वर्षभरात पहिल्यांदा! माझ्याने बोलवले नाही.

१३ जानेवारी, रविवार

दिवेलागणीला यशवंत परतला तो दारातूनच हसत. "काकी, तुमचा होटेल खय गेला? थंय चपलांचा दुकान आसा! आमी उंडो मागलो आसतो तर बूट दिल्यानी आसते!"

सगळे हसलो. तीही हसली. "बंद झाला? माका कोण बोलूक नाय." मग माझ्याकडे वळून, "तुमका म्हायत होता?"

"नाय गो," मी म्हटले.

तिने मान हलवली. ती मान मी ओळखतो. खोटे बोललेले तिला कळते, पण ती उचलून दाखवत नाही, तिथेच ठेवते.

ह्या दोघा पोरांनी आमच्यासाठी पॅटीस आणले होते, गरम, कागदाला तूप सुटलेले. हिचा जीव पॅटीसवर. इतकी वर्षे कडेचा करपलेला तुकडा माझ्या बशीतून उचलत आली आहे. आज म्हणाली, "ठेवा थंय, मगे खातंय."

१४ जानेवारी

पॅटीस तसेच होते. सकाळी शेवंतीला देऊन टाकले – बाबलीची बायको, पाणी भरायला येते. "घरी ने, बाबलीक घाल."

मी पाहिले. आजारी तर नाही? जीभ गेली? डोळे? की माझाच कंटाळा आला? बावन्नाव्या वर्षी बायकोला असले काही विचारायचे कसे, ते कुणी शिकवले नाही. पाच ट्रक रस्त्यावर ठेवता येतात, बाईला जीपमध्ये बसवता येत नाही!

बाबली आता गॅरेजच्या फाटकावर स्टुलावर बसतो, कुबडी भिंतीला टेकवून. पगार पूर्वीचाच ठेवला आहे. मला बघून हसतो. मी हात करतो आणि पटकन आत जातो.

२० जानेवारी, रविवार

तू पणजीला येत नाहीस? बरे. पणजी घरी आणतो!

म्हापशाहून व्हिडिओ भाड्याने आणला. रंगीत टीव्ही, वायरी, कॅसेटी तीन, लावणारा माणूस वेगळा. सोप्यावर सतरंज्या घातल्या. वाडा लोटला. यशवंतने तिला खुर्ची पहिल्या रांगेत ठेवली – "काकी, बालकनी!"

काकी चुलीकडे. एवढ्या माणसांचा चहा एकटीने केला, खारे शेंगदाणे वाटले, आणि दर वेळी ट्रे घेऊन येताना भिंतीकडे तोंड करून आली. गाणे लागले तेव्हा भांडी घासायला घेतली. मी आत गेलो. म्हटले, "एक गाणा बघ गो, माझ्यासाठी."

"आयकाक येता मगो," म्हणाली. तिचा हात राखेत. मग कान पदराने झाकून घेतले. थट्टेने नाही. खरेच.

लोक मजेत घरी गेले. शेठचा व्हिडिओ म्हणजे काय, व्वा! मी वायरी गुंडाळत बसलो.

२२ जानेवारी

लक्षात आले. इतका हुशार म्हणवतो आणि वर्ष लागले!

सिनेमा नाही, हॉटेलचे खाणे नाही, शहर नाही. पण देवळातली जत्रा चालते, दहीकाल्याचे नाटक चालते, शेजारचे जेवण चालते. हा कंटाळा नव्हे, दुखणे नव्हे. ही आंगवण आहे! देवीला बोललेली आहे. अमुक कर, मी तमुक सोडते.

आणि कधीपासून? मी इस्पितळात पडलो तेव्हापासून. म्हणजे माझ्या छातीसाठी! माहेरच्या सातेरी देवीच्या पायाशी स्वतःचे बावीस वर्षांचे रविवार ठेवून आली, आणि मी वेडा मिरच्यांवर रागावतो.

गॅरेजात बसून डोळे पुसले. मेकॅनिक समजला डिझेल गेले.

पण आता काय करू? आंगवण तोंडाने विचारायची नसते, आणि तिने सांगायची नसते. गुरवाशिवाय कुणाला सांगितली की गेली. म्हणजे मला कळले आहे हे तिला कळता कामा नये. पुन्हा तेच – दोघे एका घरात, आणि मध्ये देवी!

२७ जानेवारी, रविवार

आज विचारलेच नाही. का विचारले नाही म्हणून दोनदा बाहेर येऊन बघून गेली.

३० जानेवारी

इब्रामपूरला गेलो. हिला सांगितले, पेडण्याला काम आहे.

आंगवण ज्या देवीला बोलली तिचीच परवानगी मागावी, म्हणजे माणसांनी तोंड उघडायला नको – असा माझा हिशेब. मी बरा झालो, देवीने आपले काम केले, आता बाईला मोकळे करा! नारळ, केळी, सगळे घेऊन गेलो. धाकू गुरव ओळखीचा, हिच्या माहेरच्या वाड्यावरचा. त्याला म्हटले, "प्रभावतीच्या आंगवणेचो कौल घेवचो आसा. सुटका मिळता काय, बघ."

"तुमका सांगल्यान तिनां? बरा झाला," गुरव म्हणाला. आणि मी – मी मान हलवली. सवयच ती.

त्याने देवीच्या अंगावर कळ्या लावल्या, उजवी होकाराची, डावी नकाराची. मी हात जोडून उभा. देवळात आणखी चारपाच माणसे होती. गुरवाने गाऱ्हाणे सुरू केले, मोठ्याने, घालतात तसे –

"बा देवी सातेरी माये म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" माणसे म्हणाली. मीही म्हणालो.

"ही तुझी लेक प्रभावती, हिनां गेल्या शिमग्याआधी तुझ्या पायाकडे येवन सांगल्यान – आमच्या घराकडसून चूक झाली, त्या चुकीचो ताप त्या गरीब बाबलीक झालो म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी म्हणालो नाही.

"तो बाबली आपल्या दोन पायांनी चलत नाय, तवसर मी शहराची मजा, सिनेमा, होटेलाचा खाणा, सगळा तुझ्या पायाकडे ठेवलंय. त्या आंगवणेतसून तिका मोकळी करशी, तर उजवो कौल दी म्हाराजा!"

माझ्या छातीचे नावही नव्हते.

कळी पडायला वेळ लागला. गुरव म्हणाला, "देवी इचार करता." मग पडली. डावी.

परत येताना कासारवर्ण्याला जीप बाजूला लावली. आता लिहितोच, इथे तरी.

माझे कान. प्रत्येक ट्रक मी आवाजावरून ओळखतो, फाटकात वळायच्या आधी. त्या आठवड्यात बाबलीचा ट्रक उतरताना घासल्यासारखा आवाज करत होता, बारीक, लोखंडावर लोखंड. ब्रेकचा. मी सोमवारी ऐकला. बंदरात बोट लागलेली, एकेक फेरी हवी होती. म्हटले, शनिवारपर्यंत ओढेल. बुधवारी मी जेवत होतो, ट्रक वळला आणि वाढता वाढता ही म्हणाली, "ह्यो कसलो आवाज?" मी म्हटले, "काय नाय गो, धूळ गेली आसतली."

गुरुवारी उलटला.

पोलिसांना सांगितले, अचानक फेल. बाबलीला सांगितले, नशीब. ह्या वहीतही तसेच लिहिले आहे, मागे उलटून पाहिले. इस्पितळाचा सगळा खर्च केला, पगार चालू ठेवला, आणि सगळे म्हणाले, शेठ असावा तर असा! तीसुद्धा काही म्हणाली नाही. मान हलवली होती.

डॉक्टर सांगतो, पाय दोन इंच आखूड झाला, आणखी एक ऑपरेशन करून बघू, कुबडी सुटेल न सुटेल. म्हणजे तिचे रविवार त्या हाडात अडकले. आणि मी तिच्यासमोर इस्त्रीचे सदरे घालून बसत होतो!

१ फेब्रुवारी

दोन दिवस तिच्याकडे बघवत नाही. आज वाढताना म्हणाली, "पेडण्याचा काम झाला?"

"झाला," म्हटले.

मान हलवली.

३ फेब्रुवारी, रविवार

सदरा घातला नाही. बाबलीच्या घरी गेलो. ओट्यावर बसलो, त्याच्याकडे न बघता सांगितले – ब्रेकचा आवाज मी तीन दिवस आधी ऐकला होता.

बाबली म्हणाला, "म्हायत आसा, शेठ. वयनी इस्पितळात येवन सांगान गेल्ली. म्हणाली, शेठ आपणान सांगतले, तवसर तू गप रव. मी वाट बघी होतंय."

मी भलतेच बोललो. म्हटले, तू चालायला लागलास की आपण चौघे पणजीला, सिनेमाला, बालकनीत.

त्याने कुबडी जवळ ओढली. "बालकनीक पायऱ्यो किती आसत, शेठ?"

बावीस वर्षे लोकांना तिथे पाठवतो आम्ही. मला माहीत नव्हते.