ओवाळणीची डबी

भाऊबीज, संध्याकाळ. परभणी.

काय गरज होती मला? ओवाळणीचे कानातले सरळ ताटात ठेवायचे सोडून कोड्याच्या लाकडी डबीत घातले. फळ्या ठरावीक क्रमानं सरकवल्या तरच उघडणारी डबी. पेडगावला धाकट्या शकूनं ओवाळलं आणि डबीशी खटपट करत बसली. सगळे हसत होते, मी मोबाइलवर शूटिंग करत होतो. मग तिची बोटं दिसली. कापूस वेचून वेचून चिरलेली. तरी शूटिंग थांबवलं नाही मी. का? शेवटी डबी मीच उघडून दिली. तीही हसली. लय वाईट वाटलं.

निघताना फराळाचं गाठोडं हातात देत म्हणाली, "दादा, गाठ सैलच मारलीय. सोडायला तरास न्हाई व्हायचा तुला."

त्याच बोटांनी मारलेली गाठ. अजून सोडली नाही.