मास्तरांच्या मंडळाच्या काठ्या

दादा,

गाढ झोपला होतास, म्हणून उठवलं नाही. 'स्वस्त माल, सडका माल' असं लिहून ज्यांनी आपल्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानाला ऑनलाइन झोडपलं होतं, त्या निवृत्त मास्तरांचा सकाळी फोन आला. तुला न विचारताच मी त्यांना गळाची दोरी बदलून पाठवली होती. "बाई, नव्या दोरीवर हे एवढं माशाचं धूड ओढलं!" म्हणाले. आता त्यांच्या मासेमारी मंडळाला स्पर्धेसाठी गळाच्या सगळ्या काठ्या आपल्याकडूनच हव्यात! एवढी लांब खोकी कुरियरवाला घेईना, म्हणून शेजारच्या काकांच्या टेम्पोतून पहिली खेप घेऊन मीच निघाले आहे.

मोठ्या कंपन्यांपुढे आपला टिकाव लागणार नाही, असं तू काल म्हणालास. पण मास्तरांनी विचारलं, "इतक्या निगुतीनं सामान बांधतं कोण?"

"माझा दादा," मी म्हटलं.

रात्री तू वेबसाइटवर लावलेली 'दुकान बंद' ही पाटी मी काढून टाकली आहे. रागवायचं असेल तर संध्याकाळी रागव. तोवर दुसऱ्या खेपेच्या काठ्या बांधून ठेव.

– छोटी