सतराव्याचा ताप

३ मार्च
सतरावा मेला!
गेली दोन वर्षं मी मलेरियाच्या परजीवींना ताप आणतेय. प्रत्येक वाणातला एकेक जनुक मोडायचा, सगळ्यांना एक्केचाळीस अंशांच्या इनक्युबेटरमध्ये घालायचं आणि कोण तगतं ते बघायचं. माणसं तापाने आडवी होतात, हे मात्र मजेत. आज पहिल्यांदाच एक जण, सतरावा वाण, गार पडला. म्हणजे त्याच्यातला जो जनुक मी मोडला, तोच यांना ताप सोसायला मदत करत असणार. आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या, "परत करून दाखव, मग नाचू." मॅडम नाचतील असं वाटत नाही. मी घरी येऊन नाचले.

४ मार्च
आईला फोन केला. "तिसरा महिना लागलाय तुला, नाचतेस काय? आणि त्या जंतूंपासून लांब राहा." म्हटलं, जंतू डब्यात आहेत, मी बाहेर. पटलं नाही तिला.

१० मार्च
दुसरी फेरी. सतरावा ठणठणीत! ताप अंगावर काढला, वर पोरंबाळंही वाढवली. मॅडमनी दोन्ही फेऱ्यांच्या नोंदी मागवल्या. दोन वर्षांच्या कष्टांचं काय होणार आता? कुठे घोडं पेंड खातंय?

११ मार्च
सापडलं. चूक माझीच.
परजीवी वाढवायला माणसाचं रक्त लागतं. रक्तपेढीची पिशवी उशिरा आली, तर ज्याची पाळी त्याने दंड पुढे करायचा, ही आमच्याकडची रीत. पहिल्या फेरीत सतराव्यापाशी येऊन रक्त संपलं आणि पाळी नेमकी माझी. मला सध्या रक्त द्यायला मनाई, म्हणून नवऱ्याला बोलावलं. "चहाला बोलावून टोचता होय?" म्हणत आला बिचारा. रक्तगट बरोबर आहे ना, मग झालं, असं मला वाटलं. बाकी सोळांना पिशवीचं रक्त आणि एकट्या सतराव्याला ह्याचं! दुसऱ्या फेरीत मात्र सगळ्यांना पिशवीचंच. मग तुलना कशाची करणार, कपाळ?
मॅडमना सगळं सांगितलं, सांगताना रडूच आलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणजे सतराव्यात काही नाही, ह्याच्या रक्तात काहीतरी आहे. तपासून घे त्याला."

१३ मार्च
नवरा सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा वाहक निघाला. रोगी नाही, फक्त आईबापांपैकी एकाकडून बिघडलेला जनुक आलाय. असल्या रक्तात मलेरियाचा जीव रमत नाही. स्वारी भलतीच खूश. "तुझ्या सतराव्याला मी मारला तर!" सकाळपासून दंड फुगवून घरभर फिरतोय. मीही हसले. शोध गेला, पण घरात एक पहिलवान निघाला.
दुपारी त्याचा रिपोर्ट बघून माझ्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "आता तुमचंही रक्त तपासायला द्या, आजच. तुम्हीही वाहक असलात, तर बाळाला दोन्हीकडून मिळू शकतं. मग ते आजारी." मी सांगितल्यावर तो दंड खाली करून खुर्चीत बसला.

१४ मार्च
वाट बघतेय. इनक्युबेटर लावला आणि आत काही ठेवायचंच विसरले.

१५ मार्च
मीही वाहक.
मॅडमनी खोलीचं दार लावलं आणि शेजारी येऊन बसल्या. बाळाची तपासणी सोमवारी. नवरा घरी येऊन म्हणाला, "डॉक्टर चारात एक आजारी म्हणाल्या ना? म्हणजे चारात तीन बरी पण असतातच की."
मी हो म्हटलं. खूप भीती वाटतेय.