दोन्ही तारा तोडल्या तरी पास

डुलूथ, मंगळवार, १४ ऑक्टोबर

ती. आयलीताईस,

धाकट्या रेनोचा आदरपूर्वक नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटल्यावर तू चर्चच्या माळ्यावर ऑर्गन वाजवायला जाणं थांबवलं असशील असं मी धरून चालत नाही. फक्त सावकाश चढ, एवढंच म्हणतो. टू हार्बर्सला हवा कशी आहे हे विचारत नाही, कारण तुझ्या अंगणातून निघालेला वारा पाऊण तासात माझ्या खिडकीवर येऊन आपटतो. माझी तब्येत ठीक आहे. चार दिवस जेवणाच्या वेळा चुकल्या, त्याचं कारण खाली सविस्तर आहे.

मी घरी बसून दिवसभर नेमकं करतो काय, असं तू बरेचदा विचारतेस आणि मी सांगायला लागलो की तुला चुलीवर काहीतरी ठेवल्याचं आठवतं. पत्रात तुला उठून जाता येणार नाही, म्हणून सांगतो. संगणकाच्या पोटात एक मूळ कारभारी असतो, त्याला कर्नल म्हणतात. (सैन्यातला नव्हे. मागच्या थँक्सगिव्हिंगला तू तुमच्या पाद्रीबाईंना मी कर्नलमध्ये आहे असं सांगितलंस, तेव्हापासून त्या माझ्याशी फार अदबीने वागतात, म्हणून मी खुलासा केलेला नाही.) एका यंत्राचे निरोप दुसऱ्या यंत्राकडे पोचवणं हे त्याच्या कामांपैकी एक. जगभरची माणसं त्यात नव्या सोयी घालतात आणि प्रत्येक सोयीबरोबर तिची चाचणीही लिहून पाठवतात. ती चाचणी धड लिहिली आहे का, हे मी बघतो. म्हणजे मी परीक्षक नाही, प्रश्नपत्रिका तपासणारा आहे. सगळा व्यवहार ईमेलने आणि उघड्यावर चालतो. माझा प्रत्येक शेरा कुणालाही वाचता येतो आणि मी खडूस आहे अशी ख्याती आहे.

तर गेल्या महिन्यात कॅनडातल्या थंडर बेच्या इव्हेट देरोझिए नावाच्या बाईंची चाचणी आली. वय एकाहत्तर. टेलिफोन कंपनीत पस्तीस वर्षं लाइनी तपासल्या, निवृत्तीनंतर शिवणकाम शिकल्या, त्याचा कंटाळा आल्यावर हे शिकल्या. सोय साधी होती : दोन यंत्रांमध्ये दोन तारा, एक तुटली तर निरोप दुसरीवरून जावेत. (यंत्रं आणि तारा सगळ्या लुटुपुटीच्या, एकाच संगणकाच्या आत मांडलेल्या. तू हसशील, पण काम चालतं.) बाईंनी चाचणीत एक जादा पायरी घातली होती. आधी दोन्ही तारा तोडायच्या आणि निरोप पोचत नाही याची खात्री करायची. मी शेरा मारला की ही पायरी निरर्थक आहे, काढून टाकावी, वाचणाऱ्याचा वेळ जातो.

त्यांनी ती निमूटपणे काढली. खाली दोन ओळी लिहिल्या : "साहेब, पायरी काढली. पण दोन्ही तारा तोडल्यावरही आपली चाचणी पासच म्हणत होती. ही सोय इतकी चांगली आहे का?"

मी हसलो, कॉफी ओतली आणि कॉफी तशीच गार झाली. कारण ताई, तारच नसेल तर निरोप जातो कुठून? मी स्वतः दोन्ही तारा तोडून बघितल्या. पास. मग दुसरं यंत्रच काढून टाकलं. पास. मग निरोप ‘पन्नूकाक्कू’ नावाच्या यंत्राला पाठवला, जे जगात कुठेच नाही. (भूक लागली होती, आपल्या त्या फिनिश गोड धिरड्याचंच नाव सुचलं.) तोही पोचला. मग कर्नलमधून ती सोयच उपटून टाकली. पास. तिसऱ्या दिवशी मी चाचणीतल्या सगळ्या ओळी पुसून फक्त शेवटची आवराआवर ठेवली, आणि तीही पास झाली. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगू, इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. आंघोळ करतानासुद्धा मी तोच विचार करत होतो.

चौथ्या दिवशी सापडलं. या सगळ्या चाचण्या प्रोग्रॅमच्या एका सामाईक तुकड्यातून चालतात. चाचणी संपली की तो तुकडा आधी सगळं आवरतो आणि मग "कसं झालं?" याचं उत्तर देतो. पण तोवर चाचणीचा निकाल तो विसरलेला असतो. उत्तर देतो ते आवराआवरीचं. आणि आवराआवर, अर्थातच, नेहमी छान होते. अशा त्रेचाळीस चाचण्या त्या तुकड्यावर उभ्या होत्या. हा गाढवपणा कुणाचा म्हणून मी मोठ्या उत्साहाने जुना इतिहास उघडला. (तिथे प्रत्येक ओळीपुढे लिहिणाऱ्याचं नाव असतं.) नाव होतं रेनो हापाला. नऊ वर्षांपूर्वीचं. वर टीप : हे काळजीपूर्वक लिहिलं आहे, कृपया हात लावू नये.

ते तपासून मान्य केलं होतं लोवेल प्रुइटने, जो आता हे काम सोडून न्यू मेक्सिकोत मधमाश्या पाळतो. त्याला फोन केला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "मी वाचलंच नव्हतं रे. तुझं नाव बघितलं आणि सही केली."

आता तुला माझा स्वभाव माहीत आहे. मी दुरुस्ती लिहिली आणि तिला नाव दिलं ‘किरकोळ साफसफाई’. ती सगळ्यांसमोर ठेवण्याआधी फक्त देरोझिएबाईंना पाठवली. त्यांचं उत्तर आलं : "मी तारेवर नवीन होते तेव्हा एक अख्खी गल्ली चुकून आठवडाभर बंद ठेवली होती. कुणाला कळलं नव्हतं. मी सांगितलं. त्यानंतर माझ्या ‘चालू आहे’ या शब्दावर लोक विश्वास ठेवायला लागले. तुम्ही तुमचं बघा." मी तासभर पडवीत जाऊन बसलो. मग ‘किरकोळ’ खोडलं आणि सगळं लिहिलं : चूक माझी, नऊ वर्षांची, शोध बाईंचा, आणि त्यांची पायरी निरर्थक म्हणणारा शेराही माझाच.

वाटलं होतं, लोक सोलून काढतील. तसं झालं नाही. मॉन्ट्रियलच्या एका गृहस्थांनी तेवढं कळवलं की त्यांना तीन वर्षांपासून संशय होता, पण त्यांच्याही चाचण्या पास होत होत्या, म्हणून ते गप्प बसले. दुरुस्तीनंतर त्रेचाळीसपैकी सहा नापास झाल्या. पाच चाचण्याच चुकीच्या होत्या, सहावी मात्र खरी निघाली. तुटलेली तार परत जोडली की मधले काही निरोप कायमचे हरवत होते, आणि ही गोष्ट आजवर कुणालाही माहीत नव्हती. ते आता दुरुस्त होतंय. बाईंची पायरी परत घातली आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक चाचणीत ती मागायची असं मी ठरवलंय.

तर असं चाललंय. गुडघ्याला जप.

तुझा,
रेनो

ता.क. देरोझिएबाई शनिवारी सरहद्द ओलांडून इकडे येत आहेत. चूक कबूल करणारा माणूस कसा दिसतो ते बघायचंय म्हणाल्या. एवढ्या लांब डुलूथपर्यंत गाडी हाकायला नको म्हणून मी जवळचा पत्ता दिला. तो तुझा आहे.

ता.ता.क. बोलता बोलता तुझ्या तळ्याकाठच्या सौनाचा, धुरावलेल्या व्हाइटफिश माशाचा आणि वेलची घातलेल्या तुझ्या पुल्ला-पावाचाही उल्लेख झाला. पुल्ला मी करतो असा त्यांचा समज झालेला दिसतो. तो दूर करायची घाई नाही.

शेवटचं. बाई दुपारी बाराला पोचतील. राखाडी गाडी आहे. त्यांना बसवून घे, कॉफी दे, लहानपणीचं काही सांगू नकोस. मी एकपर्यंत येतो. आधी केस कापून घ्यायचेत, आणि तो निळा स्वेटर धुऊन वाळलेला नाही.