भवानीवर भरलेली माणसं

बिबवेवाडी, पुणे
गणपती उठल्यानंतरचा पहिला मंगळवार

प्रिय जब्बारभाई यांस,

हिंमतरावाचा नमस्कार आणि सलाम. दोन्ही पाठवतो आहे, सोयीचा असेल तो आधी घ्यावा. इकडे सगळं क्षेम आहे. द्वारकेची साखर काबूत आहे (तिची, डब्यातली नाही, ती मी संपवतो असा आरोप आहे). बेगमभाभींचा गुडघा कसा आहे? चिरंजीव जुनेदला आशीर्वाद. मिरजेची हवा तुम्हाला मानवली असं तो म्हणतो, पण भाभींनी द्वारकेला सांगितलं ते वेगळंच. तुम्ही म्हणे दिवसभर गॅलरीत बसून असता, आणि चहा हवा असला तरी बोटानं खुणावता. जब्बारभाई, एकतीस वर्षं मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव पुकारलेला माणूस तुम्ही! तुमचा आवाज चढला की शेजारच्या गाळ्यातले हमाल आपली पोती खाली ठेवायचे. मी दिवाणजी म्हणून शेजारी वही धरून बसायचो, तर माझा डावा कान अजून उजव्यापेक्षा अधू आहे. फोनवर तुम्ही 'हं' च्या पुढे जात नाही, म्हणून पत्र लिहितो आहे. ते मध्येच ठेवून देता येत नाही.

तर विषय आपल्या पूर्णिमाचा. लहानपणी तुम्ही जिला खांद्यावर बसवून लिलाव पुकारायचात, ती आता कंपनीची मालकीण आहे. 'कोंब' नावाची. मटकी, मूग, चवळी भिजवून, मोड आणून, सकाळी घरोघर पोचवायची. आमच्या घरी हे काम ओल्या फडक्यात फुकट होत आलं आहे, तेव्हा यासाठी कंपनी कशाला, हे मी तिला विचारलं होतं (एकदाच). तर चाळीस घरांची बघता बघता चारशे घरं झाली. मोड आणण्याचं काम कात्रजच्या शेडमध्ये चालतं आणि ऑफिस सदाशिव पेठेत, दोन खोल्या, दुसऱ्या मजल्यावर, खाली डोळ्यांचा दवाखाना. पण जूनमध्ये तिनं मला आणि द्वारकेला समोर बसवून शांतपणे सांगितलं की दिवाळीपर्यंत हजार घरं झाली तर कंपनी तगते, नाहीतर ती बंद करून बंगळूरला नोकरी धरते. द्वारका तेव्हापासून देवासमोर जरा जास्त वेळ बसते. मी देवाला त्रास देत नाही, पण कुणी बंगळूरच्या गाडीचं वेळापत्रक काढलं की उठून दुसऱ्या खोलीत जातो.

हजार घरांसाठी मार्केटिंगची टीम लागते, असं ठरलं. आपल्या वेळी मार्केटिंग म्हणजे तुमचा गळा. आता त्याला माणसं भरतात. पूर्णिमाला शेडमधून हलता येईना, म्हणून ती म्हणाली, "बाबा, तुम्ही चाळीस वर्षं माणसं पाहिलीत. पहिली निवड तुम्ही करा, शेवटची मी करीन." मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि सकाळी नऊला जाऊन ऑफिसचं दार उघडून बसलो. मुलाखती दहापासून होत्या.

आता इथे तुम्ही मला समजून घ्याल, दुसरं कुणी घेणार नाही. सोमवारी सव्वानऊला दारात एक मुलगी उभी. मंतशा नाव, कोंढव्याची, बस लवकर मिळाली म्हणून लवकर आलेली. दिवसाचं पहिलं माणूस! जब्बारभाई, भवानीचं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत पाठवायचं नसतं, हे मला कुणी शिकवलं? तुम्हीच ना? तुम्ही बोहनी म्हणायचात, मी भवानी म्हणायचो, पण परत तुम्हीही कुणाला पाठवलं नाहीत. एक बाई पिशवी घेऊन ठोक बाजारात दोन किलो कांदे मागायला आली, तर पहिली म्हणून तुम्ही तिच्यासाठी अख्खं पोतं सोडायला लावलंत आणि शेठला वर सुनावलंत. त्या बाईच्या आठवणीनं नाही म्हणायला माझी जीभच वळेना. मी मंतशाला "पुढच्या सोमवारपासून या" म्हणून मोकळा झालो. दहानंतर नऊ जण आले, टाय लावलेले, परदेशात शिकलेले. त्यांचं मी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि कळवतो म्हणालो.

मंगळवारी पहिल्या आल्या वेणूबाई. वय एकसष्ट, कर्वेनगर. त्या नोकरीसाठी आल्याच नव्हत्या, भांडायला आल्या होत्या. मटकी अर्धा तास उशिरा आली आणि मोड दोन्ही बाजूंना सारखे नाहीत, ही तक्रार. पण पहिल्या त्या पहिल्याच. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि नेमून टाकलं. ("पगारी भांडायचं का?" एवढंच त्यांनी विचारलं.) बुधवारी पाण्याचा जार घेऊन दशरथ आला. तोही नेमला गेला. गुरुवारी आलेले गृहस्थ फार नम्र, जिन्याचा कठडा धरून सावकाश आले, प्रत्येक प्रश्नाला मान डोलावली. मी त्यांना रुजू व्हायची तारीख सांगितल्यावर त्यांनी विचारलं, थेंब दिवसातून किती वेळा घालायचे? खालच्या दवाखान्याऐवजी एक मजला जास्त चढले होते. त्यांना मी हाताला धरून खाली पोचवलं. तेवढी एकच भवानी माझ्या हातून सुटली, अजून रुखरुख आहे.

आणि यापुढचं जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर तुमच्या तोंडूनही खरं मानलं नसतं. मंतशानं पहिल्याच आठवड्यात मला संगणकावर पुण्याचा नकाशा दाखवला. कुठल्या भागातल्या बायका दुपारी पावणेतीनला फोन हातात घेतात आणि कुठल्या चारला, उद्या डब्याला काय हा प्रश्न कुणाला कधी पडतो, सगळं तिला ठाऊक! मी चाळीस वर्षं द्वारकेच्या हातचं जेवतो, मला अजून तिला तो प्रश्न कधी पडतो हे माहीत नाही. जाहिरातीची वेळ ती बोटानं जरा इकडून तिकडे करते आणि वारज्यातली तीस घरं आपली होतात. मी तिच्या खुर्चीमागे हात जोडून उभा असतो. ती म्हणते, काका, बसा ना. बसवत नाही हो.

वेणूबाईंची तऱ्हा आणखी न्यारी. फोन करून त्या लोकांना माल घ्या असं म्हणतच नाहीत. आवाज पाडून विचारतात, "आमची मटकी मागवून तुम्हाला काही त्रास तर नाही ना झाला? खरं सांगा. मलाही झाला होता." पुण्यातल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तक्रार विचारायला आपणहून फोन करतं आहे! माणसं विरघळतात. तक्रार सांगून संपली की वर शेजारणीचा नंबर देतात. आणि दशरथ! 'विक्रेत्यांस प्रवेश नाही' अशी पाटी असलेल्या ज्या सोसायट्यांच्या फाटकातून टायवाले हाकलले जातात, तिथे हा रोज जार खांद्यावर घेऊन थेट स्वयंपाकघरापर्यंत जातो. कुठल्या घरी सून नवीन आहे, कुठे आजोबांना दातांमुळे मटकी चालत नाही, सगळं त्याला पाठ. साडेतीन आठवड्यांत चारशेची सातशे ऐंशी घरं झाली. मी देवळात जातो तेव्हासुद्धा इतका थक्क होत नाही.

पण गोष्ट लपत नाही. पूर्णिमानं परवा विचारलंच, "बाबा, एवढ्या अर्जांतून यांनाच निवडलंत, निकष काय लावलात?" मला खोटं बोलता येत नाही (द्वारका समोर असली की). भवानी, म्हणालो. पोरगी लालबुंद झाली. "माझ्या कंपनीत माणसं भवानीवर भरलीत? वेणूबाई अर्ज न करता आल्या? आणि दशरथ?" जार ठेवायला, मी म्हणालो. ती तडक आत गेली आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, संपलं, आता ही बंगळूरला माझ्यामुळेच जाणार. सबंध दिवस मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली ऑर्डर आली तसा तिचा फोन वाजला. तिनं इकडेतिकडे पाहिलं, मी दाराआड होतो, आणि फोन हळूच कपाळाला लावला. जब्बारभाई, अगदी तुम्ही पहिली नोट लावायचात तसा! माझे डोळे भरून आले. तसाच खाली उतरलो, तर दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, काका, थेंब देऊ का?

बाकी ठीक. थंडी पडायच्या आत भाभींच्या गुडघ्याला तेल लावत जा. मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, आणि तुम्हाला जे सोयीचं असेल ते.

आपला,
हिंमतराव

ता. क. एक सांगायचं राहिलं. उरलेल्या दोनशेवीस घरांसाठी टीमला एक म्होरक्या लागणार आहे. रविवारी सोसायट्यांच्या गच्चीवर शंभर-दोनशे माणसं जमतात, त्यांच्यासमोर उभं राहून बोलणारा. मंतशाचा आवाज बसतो, वेणूबाई भांडतात, दशरथ लाजतो. जागेसाठी बावीस अर्ज आले आहेत, सगळे शिकलेले. मुलाखती येत्या सोमवारी, दार नेहमीप्रमाणे मी उघडणार. तेव्हा तुम्ही रविवारीच या, मुक्काम आमच्याकडे, आणि सोमवारी सव्वानऊला पायरीवर उभे राहा. बाकी माझ्यावर सोडा. माझा डावा कान तुमच्यावाचून फार रिकामा झाला आहे.

ता. क. दुसरा. पत्र टाकायला पूर्णिमाकडे दिलं होतं, तिनं ते उघडून वाचलं आणि परत आणून दिलं. म्हणाली, काकांना घाई करायला लावू नका, त्यांना जिना चढायला वेळ लागेल. सोमवारी तिनं दुसऱ्या कुणालाच बोलावलेलं नाही. दुपारी बाराला आलात तरी पहिले तुम्हीच.