खालच्या वाडीचं पाणी

८ डिसें., रवि.
नदीला बांध पडला. म्हणजे जेसीबीने घातला. पूर्वी आमच्या आणि खालच्या वाडीतून घरटी एक माणूस यायचं. दगड, माती, पेंढा. दुपारी सुकटीचं कालवण, तांदळाची भाकर, आणि पाण्यात पाय सोडून ताईबरोबर गप्पा. ती खालच्या वाडीत दिलेली, मी इथे. वर्षाचा हक्काचा दिवस आमचा. आता सगळे कंपनीत, सुट्टी कोण टाकणार? तासाभरात उरकलं. मेलं मला रडूच आलं.

१९ डिसें., गुरु.
बांध काठोकाठ. आमची भेंडी तरारली. ताईचा फोन. "नदी सुकली गं आमची. मोरी नाय ठेवली का यंदा?"
खाली पाणी जावं म्हणून बांधाच्या पोटात मोरी ठेवायची. ते काम नेहमी खालच्या वाडीचं. यंदा त्यांना बोलावलंच नाही, मग आठवण कोण करणार? माझ्याही डोक्यात आलं नाही.

२४ डिसें., मंगळ.
धाकटे दीर गजाभावजी, जेसीबी त्यांनीच आणलेला. त्यांना मोरीचं सांगितलं. म्हणाले, "वैनी, आधी आपलं भागू दे. मग बघू." मग म्हणजे कधी? जेवणावरून तसेच उठले. रागावले बहुतेक. रागवू देत.

२ जाने., गुरु.
खाली जाऊन आले. ताईच्या मळ्यातल्या माठाच्या भाजीने पार माना टाकल्यात. चहा दिला, पण ओटीवर, पाहुणीला देतात तसा. पूर्वी मी थेट चुलीपाशी जायचे. ती भाकऱ्या थापायची, मी भाजायचे, आणि आईच्या गोष्टी...
निघताना म्हणाली, "तुमच्या गावाला सांग." तुमच्या गावाला! वाटभर डोळे पुसत आले.

५ जाने., रवि.
पहाटे फावडं घेऊन गेले. बांध एका कडेला उकरला. आधी नुसतं झिरपलं, मग धार लागली. हात सोलवटले. इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.
दुपारी ताई फोनवर. "पानी आलं गं. कोनी सोडलं?" सांगितलं. मग म्हणाली, "उद्या येते. मोरी नीट बसवाय लागंल, नाय तर बांध जाईल तुमचा."
संध्याकाळी देवळापाशी बैठक, बांध कुणी फोडला म्हणून. निरोप द्यायला गजाभावजीच आले. चिखलाचं फावडं दारातच होतं. त्यांनी पाहिलं, निरोप दिला नि माघारी वळले.
साडी बदललीय. निघते आता.