पुढल्या दारी घेतलेला चहा

आये, तू जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी या वयात पुन्हा विद्यार्थिनी झाले आहे. परदेशातल्या एका विद्यापीठाचा कोर्स, ग्रामीण आणि दुर्गम भागातल्या आरोग्याचा, घरी बसून कॉम्प्युटरवर. आपण दुर्गम आहोत हे मला त्यांच्याकडून कळलं. तू वालावलच्या खाडीपलीकडे उपकेंद्राची नर्स म्हणून एकटीने तीस वर्षं काढलीस, पण तुला तसं कुणी कळवलंच नाही. पहिलंच काम असं दिलंय: या कोर्सकडून तुमच्या अपेक्षा काय, आणि ज्यातून तुम्ही शिकलात असा एक प्रसंग. अपेक्षांच्या चौकटीत मी "ज्ञानवृद्धी" लिहून मोकळी झाले. खरी अपेक्षा एवढीच की संध्याकाळी कुणीतरी विचारावं, आज कोणाकडे गेलीस, काय बघितलंस. तू विचारायचीस तसं, मासे साफ करता करता, मान वर न करता. आता मी पर्यवेक्षिका आहे. विचारायचं काम माझं, आणि मुली मला रकाने भरून देतात.

प्रसंग मात्र लगेच आठवला. तू तापाने पडलेली, मी नर्सिंग संपवून नुकतीच घरी आलेली. पलीकडच्या वाडीतली एक सून सात महिन्यांची गरोदर आहे, तिला बघून ये म्हणालीस. "पुढे खळ्यात बसान रवा नको. सासू सगळा बरा म्हणतली. मागल्या दाराक जा, ती थंय भांडी घासत असतली. तिचे पाय बघ." तुझी सगळी विद्या ही: पुढल्या दारी घराची अब्रू, आजार मागल्या दारी.

मी जाते. कडक इस्त्रीची साडी, हातात तुझी पिशवी. सासू पुढच्या अंगणात, खळ्यात, खुर्ची टाकते. "ये गो बाय. नर्सबायचा चेडू ना तू? सून बरी आसा, कसलो त्रास नाय. च्या घे." मागल्या दाराकडे चिखल होता आणि इथे खुर्ची होती. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी खुर्ची दिली होती. मी चहा घेतला आणि परत आले.

"मागल्या दाराक गेलंस?" तू अंथरुणातून विचारलंस.

"गेलंय."

"पाय?"

"बरे आसत."

तिसऱ्या दिवशी तिला झटके आले. होडीतून पलीकडे आणि तिथून तालुक्याला नेली. ती वाचली, मूल वाचलं नाही. तू तापातच उठून तिला बघून आलीस आणि पायरीवर बसलीस. "दोन दिसात सूज चढली गो. माका कळाक नाय." माझ्यावर संशय घेतला नाहीस, एवढा एक दोष तुझ्यात होता. पुढे निवृत्त होईपर्यंत तू प्रत्येक गरोदर बाईकडे दिवसाआड जायचीस, गुडघे गेले तरी. नव्या मुलींना सांगायचीस की सूज दोन दिवसांतही चढते, माझ्या हातून एक मूल गेलं आहे. मी शेजारी बसून ऐकायचे. चेहरा गंभीर ठेवणं मला आधीपासून जमतं.

तो प्रसंग काल लिहून पाठवला. सगळं खरं लिहिलं, खुर्ची, चहा, खोटं बोलणं. फक्त "मी"च्या जागी "एक नवीन कर्मचारी" घातली. आज तिकडच्या, कोर्स शिकवणाऱ्या बाईंचं उत्तर आलं. फार सहृदय बाई. सहकाऱ्याची चूक मी किती समजूतदारपणे मांडली याचं त्यांना कौतुक वाटलं. आणि शेवटी एकच विचारलंय: त्या वयस्क नर्सला हे नंतर कुणी सांगितलं का?

"हो, तिच्या मुलीने," असं मी कळवलं. मग हा कागद घेऊन बसले.